बरणीतला मसाला टिकला, मग फ्रीजरमधला का नासला?

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, नोकरी करते. सासूबाई दर मे महिन्यात सावंतवाडीहून वर्षाचा मालवणी मसाला पाठवतात, चांगला दोन किलो. यंदा घरात मोठा फ्रिज आला, म्हणून मी सगळा मसाला एका डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी डबा बाहेर काढते, स्वयंपाक झाला की परत ठेवते, कधी विसरले तर तो संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहतो. आता ऑगस्टमध्ये मसाल्याच्या गाठी झाल्यात आणि वरच्या थराला कुबट वास येतोय. सासूबाईंना सांगितलं तर फोनवर एवढंच म्हणाल्या, 'आमच्या बरणीत वर्षभर काय एक होत नसे गो.' फ्रीजरमध्ये याशिवाय खवलेलं खोबरं, सुकं खोबरं, काजू, कढीपत्ता, आलं-लसणाची पेस्ट, बाजरीचं पीठ, रवा, हिंग, केशर, चिंच असं सगळं कोंबलंय. नवरा म्हणतो, थंडीत काही बिघडत नाही, ठेव सगळं. सासूबाई म्हणतात, फ्रीजरमधलं सगळं शिळंच. खरं कुणाचं? आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा काय करायचं?
– गारठलेली सून, डोंबिवली

आधी त्या डब्याचं बोलू. मसाला टाकून द्या. सगळा. वरचा थर काढून खालचा वापरू, दोन दिवस ऊन दाखवू, कढईत परतून घेऊ, असे विचार मनात येणार. दोन किलोंतला जो उरलाय तो फेकताना जीव तुटणार, तोही आयता, प्रेमाने पाठवलेला. पण कुबट वास म्हणजे बुरशी लागली, आणि मिरचीवर धरणाऱ्या बुरशीपैकी काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. यकृताला अपाय करणारं हे विष आमटीच्या उकळीने किंवा कढईतल्या आचेने पुरतं जात नाही. उन्हात ठेवून वास उडेल, विष राहील. नुसत्या गाठी असत्या, वास नेहमीसारखा झणझणीत असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा गाठी हाताने फोडायच्या, चाळणीने चाळायचं आणि तो मसाला आधी संपवायचा. पण तुम्ही स्वतःच 'कुबट' लिहिलंय, तेव्हा वादच नाही.

आता मूळ कोडं. बरणीत वर्षभर टिकणारी वस्तू उणे 18 अंशांत तीन महिन्यांत नासते, हे ऐकायला विचित्रच वाटतं. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, 'एका डब्यात' या दोन शब्दांत.

फ्रिजमधलं पाणी ग्लासात ओतलं की ग्लासाला बाहेरून घाम फुटतो. तो घाम ग्लासातून पाझरलेला नसतो, तो हवेतल्या बाष्पाचा असतो. जुलैमध्ये आपल्याकडे हवा इतकी ओली असते की मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. अशा हवेत तुम्ही गोठलेला डबा उघडता, तेव्हा तोच घाम मसाल्याच्या कणाकणावर बसतो. काचेचा घाम फडक्याने पुसता येतो, मसाला तो पिऊन टाकतो. डबा परत आत गेला की ती ओल गोठते, दुसऱ्या दिवशी वितळते आणि वर नवी ओल चढते. साठ-सत्तर दिवस हेच चाललं. शिवाय चमचा उकळत्या सांबाऱ्यावर धरून तोच परत डब्यात जातो, ती वाफ वेगळी. फ्रीजरच्या आत बुरशी वाढत नाही, हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. ती मरत मात्र नाही, दबा धरून बसते. तुमच्या ओट्यावर डबा संध्याकाळपर्यंत राहिला त्या दिवशी तिला ऊबही मिळाली आणि ओलही.

थोडक्यात, फ्रीजरने मसाल्याचं काही वाकडं केलं नाही. ये-जा करण्याने केलं.

आणि सासूबाईंची बरणी? ती टिकायची, कारण ती कुणी उघडत नसे. जुन्या घरांत मसाल्याच्या दोन बरण्या असत. मोठी चिनीमातीची, कोठीच्या खोलीत अंधारात, तळाला आणि वर हिंगाचा खडा, तोंडाला कापडाचा दादरा घट्ट बांधलेला. दुसरी लहान, चुलीजवळच्या फळीवर, रोजच्या हाताची. मोठीतून लहानीत मसाला काढायचा तो महिन्यातून एकदा, कोरड्या हाताने, कोरड्या वाटीने, आणि पावसाची झड लागलेली असेल तर उद्यावर ढकलायचा. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, घरातल्या बाईच्या दराऱ्यावर तो चालायचा. माझ्या आजीच्या मोठ्या बरणीला आम्ही मुलांनी हात लावला की पाठीत धपाटा ठरलेला. त्या धपाट्यामागे इतकं शास्त्र होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

याचंच मोठं रूप पाहायचं असेल तर सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवा. हळद जमिनीखाली खोल खड्ड्यात भरून तोंड बंद करायचं. ना बर्फ, ना वीज. आत हवा खेळत नाही, उजेड पोचत नाही, कीड जगत नाही. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. तिथे हळद थंडीमुळे टिकत नसे, तोंड बंद राहिल्यामुळे टिकत असे. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी पेवं निकामी झाली. इतकी वर्षं टिकवणारी जागा, पण ओल आत गेली की सगळं संपलं.

तेव्हा पुढच्या मे महिन्यासाठी माझं सांगणं असं. मसाला डंखावरून, म्हणजे कांडपाच्या यंत्रावरून, कुटून आला की लगेच भरू नका, आणि हे सासूबाईंनाही विचारून घ्या, बहुधा त्या आधीच करत असतील. कुटताना मसाला गरम होतो. गरम असताना डब्यात कोंडला तर झाकणाला आतून पाणी धरतं. सुती कापडावर पसरून रात्रभर गार होऊ द्यायचा. (मोठ्या कारखान्यांत काही ठिकाणी याच कारणासाठी द्रवरूप नायट्रोजन सोडून मसाला गारठवत दळतात, म्हणजे दळतानाच वास उडून जात नाही. आपल्याला पंखा बंद खोलीतलं कापड पुरे.) मग दोन किलोंचे बारा भाग करा, एकेक साधारण 165 ग्रॅमचा. जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि त्या बारा पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. डबा फ्रीजरमध्ये मागे ठेवा. महिन्याच्या शेवटच्या रात्री एक पिशवी बाहेर काढायची आणि तशीच बंद ठेवायची. सकाळपर्यंत ती खोलीच्या उबेला येते, घाम पिशवीच्या बाहेरच्या अंगाला फुटतो, तो पुसून टाकायचा. मगच उघडून बरणीत ओतायची. त्या पिशवीने फ्रीजरचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

खरं सांगायचं तर मालवणी मसाल्याला फ्रीजर लागतोच असं नाही. मिरच्या, धने, बडीशेप, गरम मसाले, सगळं कडकडीत वाळवून भाजलेलं. खोबरं त्यात नसतं. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, गॅसपासून लांब ठेवला तर वर्ष निघतं. थंडीचा फायदा होतो तो रंगाला आणि वासाला. बेडगीचा लाल रंग उजेडाने आणि हवेने फिका पडतो, म्हणूनच गुंटूरच्या बाजाराभोवती मिरचीची एवढी शीतगृहं उभी राहिली आहेत. पण तिथे ठेवतात ती अख्खी मिरची, गोणी शिवलेली. मसाला दळला की त्याचा वास निसटायला हजार वाटा मोकळ्या होतात. म्हणून अख्खे लवंग, मिरी, दालचिनी, धने, जिरे यांना फ्रीजरमध्ये कायमची जागा अजिबात देऊ नका. ते बाहेरच दोन-दोन वर्षं नीट राहतात. तुमच्याकडे जागा कमी असेल तर आधी गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला आत घाला. त्यांत सुकं खोबरं असतं, तीळ असतात, तळलेलं तेल असतं, आणि बाहेर ठेवले तर चार-सहा महिन्यांत खवटपणा डोकं वर काढतो.

इथे तुमच्या यादीची किल्ली आहे. एखादी वस्तू फ्रीजरमध्ये ठेवावी का, असा प्रश्न पडला की तिच्यात तेल किंवा पाणी किती आहे ते विचारा. तेलकट वस्तू खवट होते, पाणीदार वस्तू सडते, या दोन्ही गोष्टी थंडीत मंदावतात. जी वस्तू मुळात कोरडी आहे तिला थंडीचा उपयोग थोडा आणि दारातल्या घामाचा धोका मोठा.

ओलं खोबरं ही फ्रीजरची खरी मानकरी. मी पूर्वी दोन-तीन नारळ खवून एका डब्यात दाबून ठेवायची. मग सणाच्या सकाळी तो दगड फोडायला बत्ता घेऊन बसायची, एकदा डबाच फुटला. आता पिशवीत भरून लाटण्याने पापडासारखं पातळ सपाट करते, पिशवी आडवी गोठवते. लागेल तेवढा तुकडा मोडून निघतो आणि पाच मिनिटांत सुटतो. दोन-तीन महिने वाटणाला, आमटीला, उसळीला उत्तम. सोलकढीला मात्र घेऊ नका. गोठलेल्या खोबऱ्याचं दूध निघतं, पण ते फुटल्यासारखं होतं आणि ती ताजी गोडी येत नाही. सासूबाई 'शिळं' म्हणतात ते याच चवीला म्हणत असतील, तर त्यांची जीभ खरी आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटणही असंच सपाट गोठवा. सकाळी साडेसहाला गाडी पकडणाऱ्या बाईला त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

सुकं खोबरं, काजू, खसखस, तीळ, दाण्याचं कूट यांना आत राहू द्या. अख्ख्या दाण्यांपेक्षा कूट फार लवकर खवट होतं, म्हणून कूट थोडंच करायचं, पंधरा दिवसांचं.

आलं-लसणाच्या पेस्टबद्दल थोडं कडक बोलते, कारण इथे चूक महाग पडते. पेस्ट टिकावी म्हणून वर तेलाचा थर देऊन ती ओट्यावर ठेवण्याची पद्धत आहे. लसूण मातीतून येतो, मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा पोचत नाही. हवा नसलेली जागाच या जिवाणूला हवी असते. त्याचं विष जीवघेणं असतं, आणि पेस्टला वास येईलच, चव बदलेलच असं नाही. म्हणून तेलातली पेस्ट बाहेर कधीच नको. फ्रिजच्या खालच्या भागात चार-पाच दिवस, त्यापुढची सगळी फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, गोळे पिशवीत भरून. लागला तेवढा गोळा काढा आणि थेट तेलात सोडा, ओट्यावर वितळत ठेवू नका. पिशवी दुहेरी करा, नाहीतर घरातल्या पोराला लसणाच्या वासाचं आइस्क्रीम खावं लागेल. आल्याला तर एवढा खटाटोपही नको. अख्खं धुऊन पुसून गोठवा, लागेल तेव्हा तसंच कडक किसणीवर किसा. धागे निघत नाहीत आणि सालही हातात येत नाही.

कढीपत्ता धुऊन पूर्ण कोरडा करा, कापडावर एक रात्र, मग डब्यात. पानं काळपट हिरवी पडतील, घाबरू नका, वाळवलेल्यापेक्षा वास कितीतरी जास्त राहतो. फोडणीत टाकताना मात्र हात लांब ठेवा, बर्फाचे कण तेलात तडतडतात. कोथिंबीर गोठवली की लुळी पडते, ती हिरव्या वाटणाला चालेल, पोह्यांवर नाही.

बाजरीच्या पिठासाठी तुम्हाला शाबासकी. बाजरीत तेल असतं, आणि दळताक्षणी दाण्यातलीच विकरं (एन्झाइम्स) त्या तेलावर काम करायला लागतात. आठ-दहा दिवसांत पीठ कडवट लागतं ते यामुळे. अनेकींना वाटतं गिरणीवाल्याने जुनी बाजरी मिसळली. बिचारा उगाच बोलणी खातो. फ्रीजरमध्ये पीठ महिनाभर सहज गोड राहतं. तरी सांगते, बाजरी दोन-दोन किलो दळून गोठवण्यापेक्षा अर्धा-अर्धा किलो दळून आणलेली बरी. भाकरी थापायच्या आधी पीठ खोलीच्या उबेला येऊ द्या आणि पाणी चांगलं गरम घ्या, नाहीतर कडा चिरतात.

रवा फ्रीजरमध्ये कायमचा राहायला नको, एक फेरी मारून आला की पुरे. नवा रवा, बेसन, धने, अगदी बेदाणेसुद्धा आणल्या आणल्या बंद पिशवीत आठवडाभर फ्रीजरमध्ये घाला. पोरकिडे आणि टोके, त्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांसकट, त्या थंडीत मरतात. मग पिशवी बंद ठेवूनच बाहेर काढा, रात्रभर थांबा, आणि कोरड्या डब्यात भरा. पिशव्या अर्ध्या-एक किलोच्याच ठेवा, पाच किलोंच्या पोटापर्यंत थंडी पोचायला फार वेळ लागतो.

हिंग, केशर आणि चिंच बाहेर काढा. तिघांचंही थंडीवाचून काही अडत नाही. केशराला अंधार आणि घट्ट झाकण हवं; तुमच्या फ्रीजरमध्ये ते लसणाशेजारी आहे हे वाचून मला शिरशिरी आली. हिंगाचं उलटं, त्याच्यामुळे बाकीचे हैराण. चिंच मीठ चोळून बरणीत दाबली की वर्ष काढते. आमसुलं, गूळ, साखर यांचाही विचार मनात असेल तर सोडून द्या.

विजेचं सांगते. दार उघडायचं नाही, हे पहिलं आणि जवळजवळ शेवटचं. ठासून भरलेला मोठा फ्रीजर बंद राहिला तर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. फ्रिजच्या वरच्या लहान कप्प्याचा हिशोब याहून कमी धरा. दोन-चार तासांच्या भारनियमनाने काही होत नाही. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा, काठोकाठ नको, गोठताना पाणी जवळजवळ नऊ टक्के फुगतं. गावाला जाताना एका वाटीत बर्फ गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक, ते तळाला जाऊन वर पुन्हा बर्फ झालेला असेल तर मधे सगळं वितळलं होतं, मग खोबरं आणि पेस्ट टाका. वीज आल्यावर ज्यात अजून बर्फाचे खडे आहेत ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. कोरडे मसाले आणि काजू वितळल्याने बिघडत नाहीत, पिशवी बंद राहिली म्हणजे झालं.

प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख घाला, पण गोठवण्याआधी. दव धरलेल्या प्लास्टिकवर कुठलंच पेन चालत नाही, आणि गोठलेला गोडा मसाला आणि गोठलेला कांदा-लसूण मसाला सकाळी सहा वाजता एकसारखेच दिसतात.

राहता राहिला सासूबाईंचा फोन. मसाला फेकला हे त्यांना सांगून टाका, लपवू नका, पुढच्या मे महिन्यात पिशव्यांचं गणित त्यांच्याशीच करायचंय. आणि त्यांना विचारा की मोठी बरणी त्या किती दिवसांनी उघडायच्या, आणि ती उघडायची मुभा घरात कुणाकुणाला होती. सध्या तुमच्याकडे मसाला नाही आणि गणपती तोंडावर आलेत. त्यांच्या बरणीत अजून असेलच. अर्धा किलो मागून घ्या, आणि तो फ्रीजरमध्ये ठेवू नका.